शब्दकोडे हे रसायन आहे काय?

सांप्रत चिकित्सालयांतून एक वाक्य फार स्वस्त झाले आहे. साठी उलटलेला रुग्ण "डॉक्टर, हल्ली नावे पटकन आठवत नाहीत" असे म्हणाला, की व्यवस्थापत्रावरून मान वर न करता आपण सांगून टाकतो, "रोज एक शब्दकोडे सोडवत जा." आधुनिक वैद्यकाचे डॉक्टर हेच सांगतात, वृत्तपत्रांच्या आरोग्यपुरवण्याही हेच सांगतात आणि शेजारची सून आपल्या सासऱ्यांना हेच सांगते. खर्च नाही, अपाय दिसत नाही, रुग्णही संतुष्ट होऊन जातो. परंतु साधी त्रिफळा देतानाही आपण मात्रा, काल आणि अनुपान यांचा विचार करतो. मग मनासाठी दिलेल्या या व्यवस्थेचा विचार कोणी करावयाचा? कोणाला, कोणते कोडे, किती वेळ, कोणाबरोबर आणि किती दिवस, हे प्रश्न आपण विचारत नाही. ते विचारले पाहिजेत असे आम्हांस वाटते. त्यासाठी आपल्याच शास्त्रात उत्तम मापदंड उपलब्ध आहेत, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील २८ वा अध्याय मेधायुष्कामीय रसायनाचा आहे. श्वेत बाकुची, मंडूकपर्णी, ब्राह्मी, वचा यांचे त्यातील कल्प आपण सर्वांनी परीक्षेपुरते का होईना, पाठ केलेले आहेत. परंतु त्याच अध्यायात आचार्यांनी एक असा गण सांगितला आहे की ज्यात एकही वनस्पती नाही. सतत अध्ययन, वाद, अन्य तंत्रांचे अवलोकन आणि त्या त्या विद्येच्या आचार्यांची सेवा, या चौघांना त्यांनी बुद्धी आणि मेधा वाढविणारा गण म्हटले आहे. द्रव्यांचे गण सांगणाऱ्या सुश्रुताचार्यांनी येथे 'गण' हाच शब्द योजावा, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. गणातील द्रव्ये परस्परांना साहाय्य करतात. एकटे अध्ययन, वादाशिवायचे, किंवा एकटा वाद, अध्ययनाशिवायचा, काय करतो हे आपण सभा-संमेलनांतून पाहतोच.

आता या गणाच्या कसोटीवर शब्दकोडे घासून पाहू. आर्थर विन यांनी पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात प्रसिद्ध केले, असे मानले जाते. सुडोकूचा आजचा अवतार १९७९ मध्ये अमेरिकेत छापला गेला, १९८४ मध्ये जपानमध्ये गेला, तेथे त्याचे हे नामकरण झाले आणि २००४ च्या अखेरीस लंडनच्या 'टाइम्स'ने तो छापू लागल्यावर जगभर पसरला. दोन्ही पाहुणे. पाहुण्यांविषयी आमची काहीच तक्रार नाही. अन्य तंत्रांचे अवलोकन करा असे सांगणाऱ्या आचार्यांचे आपण अनुयायी आहोत.

नवशिक्याला पहिल्या काही महिन्यांत शब्दकोडे खरोखर विचार करावयास लावते. शब्द शोधावा लागतो, दोन शब्दांतून एक निवडावा लागतो, आडव्याशी उभ्याचा मेळ घालावा लागतो. चरकाचार्यांनी मनाचे विषय सांगताना चिंत्य, विचार्य आणि ऊह्य असे जे म्हटले आहे, त्यांतील विचार व ऊह यांना येथे निश्चित काम मिळते. परंतु नंतर काय होते? कोडे रचणाऱ्याची शब्दसंपदा आपल्या ओळखीची होते. 'सूर्य, तीन अक्षरी' असे दिसले की हात आपोआप 'भास्कर' नाही तर 'दिनेश' लिहितो. 'कमळ' म्हटले की 'पंकज', 'हत्ती' म्हटले की 'गज'. पाच वर्षे एकाच वृत्तपत्राचे कोडे सोडविणाऱ्या गृहस्थांचे कोडे हे अध्ययन राहत नाही, ती सवय होते. सवय वाईट असे नव्हे. सकाळच्या चहाइतकीच ती सुखकर असते. पण चहाला आपण रसायन म्हणत नाही.

वाद तर तेथे नाहीच. कोडे उलट बोलत नाही. आचार्यसेवाही नाही. म्हणजे चौघांच्या गणातील एखाद-दुसरे द्रव्य, तेही काही काळापुरते. सुडोकूची गोष्ट याहून थोडी निराळी. तेथे अंक असले तरी गणित नाही, केवळ ऊह आहे. आणि स्मृतीला तर तेथे जवळजवळ रजाच मिळते, कारण सर्व काही डोळ्यांसमोर लिहिलेले असते. "विस्मरण होते" म्हणणाऱ्या रुग्णाला सुडोकू सांगणे म्हणजे गुडघा दुखतो म्हणणाऱ्याला खांद्याचा व्यायाम सांगण्यासारखे आहे.

स्मृतीचा विचार चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या पहिल्याच अध्यायात किती बारकाईने केला आहे! स्मृती उत्पन्न होण्याची आठ कारणे तेथे आली आहेत: निमित्ताचे ग्रहण, रूपाचे ग्रहण, सादृश्य, विपर्यय, सत्त्वाचा अनुबंध, अभ्यास, ज्ञानयोग आणि पुनःश्रवण. विद्यार्थिदशेत आम्ही ही आठ नावे केवळ घोकली होती. चिकित्सा करू लागल्यावर ध्यानात आले, की खेळांची परीक्षा करण्यास याहून चांगली सूची मिळणार नाही. आपल्या घरांतून आजी-आजोबा रात्री कोडी घालीत. ज्यांना उमाणी म्हणत, जुन्या अर्थाने उखाणे म्हणत, त्यांची रचनाच मुळी सादृश्य आणि विपर्यय यांवर उभी असते. वस्तूचे एखादे रूप दाखवावयाचे, बाकीचे झाकावयाचे आणि मध्येच एक अशक्य वाटणारी गोष्ट घालून ऐकणाऱ्याला चुकवावयाचे. गाण्यांच्या भेंड्यांत शेवटचे अक्षर हे निमित्त होते आणि विसरलेले गाणे समोरच्याने अर्धे म्हटले की उरलेले अर्धे आपोआप ओठांवर येते, ते पुनःश्रवण. पत्त्यांच्या डावात कोणता पत्ता कोणी टाकला हे ध्यानी ठेवण्यासाठी मन सतत त्या ठिकाणी जोडलेले ठेवावे लागते, तो सत्त्वाचा अनुबंध.

या संदर्भात सावंतवाडीच्या गंजिफांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. आज त्या बहुतांशी शोभेची वस्तू म्हणून विकत घेतल्या जातात, परंतु मूळ खेळ बुद्धीला घाम फोडणारा आहे. दशावतारी गंजिफांत दहा अवतारांचे प्रत्येकी बारा याप्रमाणे १२० पत्ते. त्यांतील निम्म्या अवतारांत राजा व प्रधान यांच्याखाली दश्शी मोठी आणि एक्का लहान, तर उरलेल्या निम्म्यांत हा क्रम नेमका उलटा. दिवसा खेळ सुरू झाला तर रामाचा मान, रात्री झाला तर कृष्णाचा. त्यात खेळून झालेले पत्ते लक्षात ठेवावयाचे. विपर्यय आणि अभ्यास यांची अशी सांगड दुसऱ्या कोणत्या खेळात असेल हे आम्हांस तरी ठाऊक नाही. अर्थात रुग्णाला गंजिफा लिहून द्याव्यात असे आमचे म्हणणे नाही. मेंढीकोट आणि बदाम सात पुरेसे आहेत.

आधुनिक संशोधनाकडे वळू. त्याविषयी आपल्या व्यासपीठांवरून दोन टोकांचे बोलले जाते. एक तर "त्यांना आता कळले, आपल्याला कधीच ठाऊक होते", नाही तर "हे सर्व पाश्चात्त्य थोतांड". दोन्ही टाकून जे हाती आहे ते पाहावे. २००३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे पाच वर्षांच्या काळात त्यांतील १२४ जणांना स्मृतिभ्रंशाचा विकार, म्हणजे डिमेन्शिया, जडला. जे वाचन करीत, बैठे पटावरचे खेळ खेळत, वाद्य वाजवीत किंवा नृत्य करीत, त्यांच्यात हे प्रमाण कमी आढळले. या चौघांत एकट्याने करावयाचे काम किती आणि दुसऱ्याच्या साथीने करावयाचे किती, हे वाचकांनी स्वतःच मोजावे. मात्र असल्या अभ्यासात एक खाच असते. ज्याची स्मृती आधीच पोखरली जाऊ लागली आहे तो खेळणे सोडून देतो. मग खेळ सोडल्यामुळे विकार झाला, की विकारामुळे खेळ सुटला? अभ्यासकांनी ही शंका ध्यानात घेऊन छाननी केली होती, तरी ती पूर्णपणे मिटत नाही.

अमेरिकेतच २८३२ वृद्धांवर झालेला 'अॅक्टिव्ह' नावाचा प्रयोग अधिक काटेकोर होता. एका गटाला स्मरणाच्या युक्त्या शिकविल्या, दुसऱ्याला तर्काच्या, तिसऱ्याला दृष्टीने चटकन टिपण्याचा सराव दिला. चौथ्या गटाला काहीच नाही. सुमारे दहा बैठका. २००२ मध्ये पहिले निष्कर्ष आले. जो गट जे शिकला त्यातच तो सुधारला. तर्क शिकलेल्याची स्मृती सुधारली नाही आणि स्मरण शिकलेल्याचा तर्क सुधारला नाही. २०१४ मध्ये दहा वर्षांनंतरची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा तर्क आणि चपळता यांचा लाभ टिकला होता, स्मरणाचा टिकला नव्हता. मात्र तिन्ही गटांतील लोकांनी रोजच्या व्यवहारात अडचण कमी येते असे स्वतः सांगितले, हेही नमूद केले पाहिजे.

शब्दकोड्याच्या बाजूनेही एक पुरावा आहे. तो लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सौम्य स्मृतिन्यूनता असलेल्या १०७ व्यक्तींपैकी काहींना शब्दकोडी आणि काहींना संगणकावरील बौद्धिक खेळ दिले. ७८ आठवड्यांनंतर शब्दकोडी सोडविणारे वरचढ ठरले. संगणकाचे खेळ जिंकतील असा संशोधकांचा कयास होता, तो खोटा ठरला. काहीच न देता ठेवलेला गट त्यात नव्हता. म्हणून शब्दकोड्याने रोग थांबतो असे यावरून म्हणता येत नाही. संगणकाच्या खेळाहून ते बरे, इतकेच म्हणता येते. आणि हे लोक कोडी देखरेखीखाली, ठरलेल्या प्रमाणात, ठरलेल्या दिवशी सोडवीत होते. म्हणजे त्यांना मात्रा होती.

येथवरची चर्चा ग्रंथगत झाली. हा विषय आम्हांस जिव्हारी का लागतो ते आता सांगतो. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त गृहस्थ मुलासोबत आमच्याकडे आले. तक्रार मलावष्टंभाची. बोलता बोलता सुनेने एकच गोष्ट सांगितली, की बाबांनी विजेचे बिल दोनदा भरले आणि तिसऱ्यांदा भरायला निघाले होते. मुलाने लगेच तिला थांबविले. त्याने पिशवीतून शब्दकोड्यांची वही काढून आमच्यापुढे ठेवली. "पाहा, रोजचे कोडे वीस मिनिटांत, तेही पेनाने. यांच्या डोक्याला काय झाले असणार?" वही खरोखर निर्दोष होती. गृहस्थांना आम्ही तीन वस्तूंची नावे सांगितली आणि पाच मिनिटे शेतीवाडीच्या गप्पा मारून ती परत विचारली. एकही आठवले नाही. आम्ही नावे सांगितली होती हेच त्यांना आठवत नव्हते. चहा कसा करतात हे विचारता साखर दोनदा पडली आणि पाणी शेवटी आले. आवश्यक रक्ततपासण्या करवून आम्ही त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठविले. मुलाच्या म्हणण्यानुसार अशा "किरकोळ" चुका दोन वर्षांपासून होत होत्या. दोन वर्षे ती वही घरातील सर्वांना धीर देत होती.

असे का होते हे समजून घेणे अवघड नाही. जन्मभर वापरलेली शब्दसंपत्ती या विकारात बराच काळ शाबूत राहते. आधी ढासळते ते नवे ग्रहण करणे आणि कामाचा क्रम लावणे. शार्ङ्गधराचार्यांनी पूर्वखंडात वयाच्या एकेका दशकाबरोबर काय काय ओसरते ते सांगितले आहे. त्यात मेधा चौथ्या दशकात आणि बुद्धी नवव्या दशकात येते. चाळिशी ओलांडलेल्या आमच्यासारख्यांना हे वाचून थोडे हसू येते आणि थोडी धास्तीही वाटते. परंतु ग्रहण करणारी मेधा आणि निश्चय करणारी बुद्धी यांच्या ऱ्हासाचे काळ भिन्न आहेत, हा त्यातील विचार मोलाचा आहे. एक चांगली आहे म्हणून दुसरीही चांगलीच असेल असे नाही. सोडविलेले कोडे हा निरोगीपणाचा दाखला नव्हे, हे रुग्णाच्या कुटुंबियांना स्पष्ट शब्दांत सांगणे आपले कर्तव्य आहे. भारतातील साठीवरील लोकसंख्येत डिमेन्शियाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीवरून काढला गेला. यांतील अनेकजण आधी आपल्या दारातून जातात. मलावष्टंभ, निद्रानाश, सांधेदुखी यांसाठी.

आणि विस्मरणाचे प्रत्येक कारण असाध्यच असते असेही नाही. अवटु ग्रंथीची मंदता, बी-१२ ची उणीव, विषाद, झोपेच्या गोळ्या, पडल्यावर डोक्यात साकळलेले रक्त ही कारणे वेळेत शोधली तर उपाय आहे. ती न शोधता कोडे सांगणे म्हणजे निदानाशिवाय चिकित्सा होय. बहिरेपण तर हमखास नजरेतून सुटते. आमच्या परिचयातील एक आजी दुपारचा पत्त्यांचा डाव सोडून घरी बसू लागल्या, तेव्हा "आता त्यांना काही समजत नाही" असा सर्वांनी निष्कर्ष काढला. त्यांना समजत होते, ऐकू येत नव्हते. श्रवणयंत्र बसविल्यावर पंधरवड्यात त्या डावावर परतल्या आणि भागीदाराला चुकीच्या उतारीबद्दल बोलू लागल्या. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणे सांगितली, त्यांत श्रवणदोष, दृष्टिदोष आणि एकाकीपण ही तिन्ही आहेत. ही तीन असताना कोणतेही कोडे काय करणार?

शब्दकोडे हा साक्षरांचा खेळ आहे, ही गोष्टही आपण विसरतो. ग्रामीण भागात चिकित्सा करणाऱ्या आमच्या वैद्यमित्रांच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या कित्येक वृद्धांना, विशेषतः स्त्रियांना, अक्षरओळख नाही. त्यांना काय सांगावयाचे? की त्यांच्या बुद्धीची जपणूक आपल्या शास्त्राच्या कक्षेबाहेरची आहे? ज्या आजीला शेकडो ओव्या मुखोद्गत आहेत, तिला नातीला रोज एक ओवी शिकविण्यास सांगावे. शिकविताना आठवावे लागते, क्रम लावावा लागतो, ऐकणाऱ्याची चूक पकडावी लागते. नातीने मग तिला शाळेतील एक नवे कोडे घालावे. अध्ययन झाले, वाद झाला, अन्य तंत्रही झाले. आचार्यसेवा नातीच्या वाट्याला आली.

शिक्षित रुग्णासाठीही कोडे सोडविण्यापेक्षा कोडे रचणे अधिक गुणकारी, असे आमचे मत आहे. देवळालीच्या शाळेत गणित शिकविणारे द. रा. कापरेकर यांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. अंकांशी खेळणे हाच त्यांचा विरंगुळा. त्या खेळातून त्यांना ६१७४ ही संख्या गवसली. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करावी. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते. ३५२४ घेऊन पाहा: ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. कापरेकर १९६२ मध्ये निवृत्त झाले, अंकांपासून निवृत्त झाले नाहीत. हिशेबात आयुष्य घालविलेल्या निवृत्त रुग्णाला आम्ही हा खेळ सांगतो आणि पुढील भेटीत किती पायऱ्या लागल्या ते विचारतो. विचारणे हा औषधाचाच भाग आहे. कोणी विचारणारे असले की मनुष्य करतो.

मात्रेविषयी थोडे. व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा, हा नियम मनाच्या व्यायामालाही लागू करण्यास कोणती हरकत आहे? तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचावी लागणे, डोळे चोळणे, शेजारच्यावर विनाकारण चिडणे ही आमच्या मते बौद्धिक बलार्धाची लक्षणे होत. तेथे थांबावे. प्रकृतीचाही विचार हवा. वातप्रकृतीचा मनुष्य चटकन शिकतो आणि चटकन विसरतो, असे चरकाचार्यांनी सांगितले आहे. त्याला आठवड्यागणिक नवा खेळ देण्यापेक्षा एकच खेळ दीर्घकाळ द्यावा. कफप्रकृतीच्या माणसाला नवा आणि गती लागणारा द्यावा. पित्तप्रकृतीच्या माणसाला गुण मोजण्याचा खेळ शक्यतो देऊच नये, घरात शांतता राहील. हा शेवटचा भाग शास्त्रवचन नव्हे, आमचे निरीक्षण आहे. वाचकांनी ते पडताळावे. मेदस्वी रुग्णांना दिवास्वाप वर्ज्य असतो आणि तोच त्यांना सर्वाधिक प्रिय असतो. अशांना दुपारी दोन ते चार या वेळात पत्त्यांचा डाव लावून दिल्यास एका व्यवस्थेत दोन कामे होतात.

मोबाइलवरील खेळांविषयी मात्र आम्ही कठोर आहोत. रात्री अंथरुणात पडून, अंधारात, 'आणखी एकच डाव' म्हणत बारा वाजविणाऱ्याची ऊहशक्ती तल्लख होत असेलही. पण प्रज्ञा म्हणजे केवळ धी नव्हे. धी, धृती आणि स्मृती यांचा भ्रंश म्हणजे प्रज्ञापराध. हितकर नसलेल्या विषयापासून मनाला आवरते ती धृती. खेळ हातातून खाली ठेवता येत नसेल तर तो धीच्या नावाखाली धृती खातो. वर जागरणाने वात वाढतो तो वेगळाच. सद्वृत्तात द्यूताची रुचीही वर्ज्य सांगितली आहे. बुद्धीचा खेळ म्हणून जाहिरात होणाऱ्या पैशांच्या रमीने किती घरे पोखरली हे वेगळे सांगावयास नको. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र शासनाने कायदा करून पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ बंद केले, त्याचे आम्ही स्वागत करतो.

जाहिरातीवरून आठवले. 'लुमॉसिटी' या बौद्धिक खेळांच्या कंपनीने आपल्या खेळांमुळे वार्धक्यातील बुद्धिमांद्य टळते अशा अर्थाच्या जाहिराती केल्या. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने पुराव्याअभावी त्या दिशाभूल करणाऱ्या ठरवून आक्षेप घेतला आणि २०१६ मध्ये कंपनीला २० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. हे वाचून आपण समाधानाने मान डोलावण्यापूर्वी आपले अंगण पाहावे. परीक्षांचा हंगाम आला की स्मृतिवर्धक सिरपच्या बाटल्यांबरोबर कोड्यांची पुस्तिका मोफत देणारे प्रतिनिधी आपल्याही चिकित्सालयांत येतात. ती बाटली आणि ती पुस्तिका, दोन्ही कोणत्याही मुलाला, कोणत्याही प्रकृतीला, कोणत्याही अग्नीला सारखीच. चरकाचार्यांनी मंडूकपर्णीचा स्वरस, यष्टीमधूचे चूर्ण, गुडूचीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क अशी मेध्य रसायने सांगितली, ती अग्नीचे बल पाहून द्यावयाची. त्यांचे मोल आम्ही जाणतो आणि नित्य वापरतो. परंतु रसायन सुरू केले म्हणून अध्ययन नको आणि कोडे दिले म्हणून रसायन नको, असा हिशेब संहितेत नाही.

शेवटी आपल्याविषयी. रुग्णाची बुद्धी शाबूत राहावी म्हणून आपण उपाय सांगतो, आपल्या बुद्धीचे काय? तद्विद्यसंभाषेचा विधी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात सविस्तर आहे. समविद्य वैद्यांनी एकत्र बसून बोलावे, जिंकण्यासाठी नव्हे तर जाणण्यासाठी, ही संधाय संभाषा. वैद्याच्या बुद्धीला याहून चांगला खेळ कोणता? पण आपल्या मासिक बैठकांत आज काय घडते? औषधकंपनीचे सादरीकरण, त्यानंतर भोजन, मग पुढील बैठकीची तारीख. प्रश्न विचारणारा कोणी उठला तर आयोजक घड्याळ पाहतात.

आमच्या गावी आम्ही दहा-बारा वैद्यांनी गेल्या वर्षापासून एक निराळी रीत पाडली आहे. प्रत्येक बैठकीत एक वैद्य आपल्या रुग्णाचा वृत्तांत मांडतो. निदान आणि उपशय झाकून ठेवतो. इतरांनी प्रश्न विचारून हेतू, पूर्वरूप, रूप आणि संप्राप्ती उलगडावयाची. ग्रंथ उघडावयाचा नाही, मोबाइल तर मुळीच नाही. सर्वांत धाकट्याने आधी बोलावयाचे आणि सर्वांत ज्येष्ठाने शेवटी, म्हणजे ज्येष्ठाच्या मताखाली कोणाचा ऊह दडपला जात नाही. पाऊण तास पुरतो. ज्यांना आपल्या शाखेत हे करून पाहावयाचे असेल त्यांनी पहिल्या बैठकीसाठी साधा ज्वराचा रुग्ण निवडावा. ज्वर सोपा वाटतो म्हणून तेथेच सर्वांचे मतभेद सर्वाधिक होतात.